उन्हाळी टॉप आणि घरची गोधडी : कापड घेण्याआधी वाचा

मार्च लागला की आमच्या दादरच्या दुकानात दोन तऱ्हेचे प्रश्न घेऊन लोक येतात. घरच्या मशीनवर साधा, सैल टॉप शिवायचा आहे, कापड कोणतं आणि किती? आणि दुसरा : आईच्या जुन्या सुती साड्या कपाटात पडून आहेत, गोधडी होईल का? गर्दीच्या वेळी काउंटरवर या दोन्हींची धड उत्तरं देता येत नाहीत, म्हणून हे पत्रक.

कापड

मुंबईचा पारा नागपूरसारखा ४५ला जात नाही. इथला त्रास दमटपणाचा. घाम येतो आणि वाळत नाही. त्यामुळे कापड नुसतं पातळ असून भागत नाही, टॉपच्या आत वारा खेळायला हवा. अंगाबरोबर बसणारा टॉप मलमलचा शिवला तरी चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत पाठीला चिकटूनच राहणार. छातीच्या मापापेक्षा ८ इंच सैल शिवा.

पहिल्यांदाच शिवत असाल तर कॅम्ब्रिक घ्या. ते कात्रीखाली सरकत नाही, मशीनवर ओढलं जात नाही आणि चुकून उसवावं लागलं तरी भोकं दिसत नाहीत. आमच्याकडचं बहुतेक कॅम्ब्रिक आणि पॉपलीन इचलकरंजीच्या मागांवरचं असतं. (लालबाग-परळच्या गिरण्यांचं कापड मागणारे आजोबा अजून येतात. १९८२च्या संपानंतर तो धंदा पुन्हा उभा राहिलाच नाही, हे त्यांनाही ठाऊक असतं.) मलमल आणि वॉयल अंगाला सुखाचे, पण पांढरं किंवा फिकट घेतलंत तर आरपार दिसतं आणि शिवताना मशीनच्या दातांत अडकतं. खाली बटर पेपरची पट्टी ठेवून टीप मारा, मग कागद फाडून टाका.

‘कॉटनच आहे ना?’ हे आम्हाला विचाराच, पण कोणत्याही दुकानात, आमच्याही, स्वतः खात्री करून घ्या. कडेचा एक धागा ओढून घरी चिमट्यात धरून जाळा. सुती धागा कागदासारखा वास सोडत जळतो आणि बोटांत चुरगळणारी मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून आकसतं आणि टोकाला कडक मणी होतो. रेयॉन मात्र या परीक्षेत सुतासारखंच जळतं, कारण तेही सुतासारखं झाडापासूनच येतं, लाकडाच्या लगद्यातून. ते ओळखायचं तर धागा ओला करून ओढा. ओलं रेयॉन चटकन तुटतं, ओलं सूत तुटत नाही. रेयॉन वाईट नाही, झुळझुळीत पडतं. फक्त सुताच्या भावात घेऊ नका.

आधी भिजवा

कापड आणलं की रात्रभर पाण्यात टाका. नवीन सुती कापड साधारण ३ ते ५ टक्के आटतं. दीड मीटरात ५ टक्के म्हणजे ३ इंच गेले. आधी शिवून मग धुतलात तर ते टॉपच्या उंचीतून जातील. गडद लाल, निळा किंवा काळा रंग असेल तर वेगळ्या बादलीत भिजवा, पाणी रंगीत येणं थांबेपर्यंत खंगाळा. सावलीत वाळवून किंचित ओलं असतानाच इस्त्री करा. ‘पुढच्या वेळी भिजवू’ म्हणणाऱ्यांची तक्रार आम्ही ऐकतो, पण त्यावर इलाज नाही.

दीड मीटरात टॉप

४४ इंच पन्हा (कापडाची रुंदी) आणि ३८ इंच छाती धरून हे माप देत आहोत. बाही वेगळी जोडायची नाही, अखंड कापायची, त्यामुळे मुंढ्याची (बाही जिथे जोडतात त्या गोलाईची) कटकट नाही.

कापड आडवं दुमडा. ही घडी खांद्यावर येते. मग उभं दुमडा. ही घडी मध्यभागी. चार थर झाले. उभ्या घडीपासून १२ इंच अंगाची रुंदी, बाहीच्या टोकापर्यंत एकूण साडेअठरा. खांद्याच्या घडीपासून ९ इंच खाली बाही, २७ इंच उंची. यात शिवण आणि दुमड दोन्ही धरले आहेत. काखेत काटकोन ठेवू नका, गोलसर वळण द्या आणि तिथे दोनदा टीप मारून शिवणीपर्यंत बारीक कट द्या. कट दिला नाही तर हात वर करताच तिथे ओढ बसते.

गळ्याशी थांबा. सर्वाधिक कापड इथे वाया जातं. चारी थरांतून फक्त मागचा गळा कापा : रुंदी अर्धी ४ इंच, खोली दीड इंच. मग आडवी घडी उलगडा आणि पुढच्या बाजूलाच ५ इंच खोली द्या. पुढची खोली चारी थरांत कापली गेली की पाठही उघडी पडते आणि खांदे घसरतात. या मापाचा गळा भोवताली साधारण २३ इंच होतो. मोठ्या माणसाचं डोकं सुमारे २२ इंच, म्हणजे बटण-चेनशिवाय टॉप घालता येतो. गळा याहून लहान हवा असेल तर मागे चीर देऊन एक बटण लावावं लागेल.

बाह्यांखालून निघालेल्या तुकड्यांतून सव्वा इंच रुंद उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्ट्या काढा, जोडून गळ्याला लावा. सरळ पट्टी गोल गळ्यावर कधीच नीट बसत नाही, चुण्या पडतात. सुई मलमलीला ९ किंवा ११ नंबरची, कॅम्ब्रिक-पॉपलीनला १४. बोथट सुईने टाके सुटतात आणि लोक मशीनला दोष देतात.

गोधडी

गोधडीसाठी नवीन कापड घेऊ नका. हे आम्ही दुकानदार असूनही सांगतो. वर्षानुवर्षं धुवून मऊ झालेल्या सुती साडीला जो स्पर्श असतो तो नव्या कापडाला येत नाही. आमच्याकडून दोरा, सुई आणि हवं तर किनारीचं कापड न्या, बाकी घरातलंच वापरा.

सुरुवात बाळाच्या दुपट्याने करा. साडेपाच मीटरची साडी म्हणजे सुमारे २१६ इंच. ३६ इंचांवर घड्या घातल्यात तर एकाच साडीत ३६ बाय ४५चे सहा थर मिळतात. मुंबईच्या हवेला चार पुरे, दोन उरतात. मोठ्या पलंगाची गोधडी असेल तर एका साडीचे सव्वादोन मीटरचे दोन तुकडे शेजारी ठेवून लांबीच्या कडेने जोडले की एक थर होतो. तीन थरांना तीन साड्या.

काठ-पदराची जर आधी काढा, ती अंगाला टोचते. जॉर्जेट-शिफॉनची साडी सुतात मिसळू नका. धुतल्यावर दोन्ही कापडं सारखी आटत नाहीत, आणि गोधडीत कायमचे झोळ पडतात. टॉपचे उरलेले तुकडे ठिगळांसाठी छान, फक्त तेही भिजवलेले असावेत.

पलंग सरकवून जमिनीवर थर अंथरा. दहा बाय बाराच्या खोलीत हे होतं. जेवणं उरकल्यावर बसायचं. मधून कडेपर्यंत हाताने सुरकुत्या सारत न्या, मग वीतवीतभर अंतरावर मोठे कच्चे टाके घाला. आळस करून कच्चे टाके टाळले तर खालचा थर हमखास गोळा होतो. शिवायचा धावदोरा कडेने सुरू करून चौकोनात आत आत येतो, दोन ओळींत एक ते दीड इंच. दोरा जाड सुतीच घ्या. पॉलिस्टरचा दोरा जुन्या कापडापेक्षा चिवट असतो. ओढ बसली की दोरा तुटत नाही, साडी फाटते. एका वेळी हातभरच दोरा ओवा. अंगुस्तान (सुई टोचू नये म्हणून बोटावर घालायची टोपी) घाला, पहिल्या संध्याकाळी नको वाटतं, दुसऱ्या संध्याकाळी लोक ते न्यायला परत येतात.

मोठी गोधडी भिजली की फार जड होते, लहान वॉशिंग मशीनमध्ये कोंबू नका. मे संपायच्या आत धुऊन दोन कडक उन्हं दाखवा. जून ते सप्टेंबर ती पूर्ण वाळत नाही आणि कुबट वास धरते. ठेवताना प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, जुन्या चादरीत बांधा.

दुकानात येताना

नीट बसणारा एक जुना टॉप सोबत आणा, त्यावरून कापड किती लागेल ते आम्ही मोजून सांगतो. पन्हा ३६ इंचांचा असेल तर अखंड बाहीचा टॉप बसत नाही, तेव्हा फाडून घेण्याआधी पन्हा विचारा. कापलेलं कापड परत घेतलं जात नाही. न उघडलेलं रीळ आणि सुयांचं पाकीट मात्र पावती दाखवून बदलून मिळेल.