हवानाचा आवाज: रातकिडा की मायक्रोवेव्ह?

क्युबाच्या राजधानीत, हवानामध्ये, २०१६ च्या अखेरीस अमेरिकी दूतावासातले लोक आजारी पडू लागले. एकाएकी कर्कश आवाज, कानात दडे, मग चक्कर, डोकेदुखी, कशात लक्ष न लागणं. काहींना आवाज एकाच दिशेने येतोय असं वाटे. ‘ध्वनिअस्त्र’ हा शब्द वर्तमानपत्रांत लगेच रुळला.

काहींनी तो आवाज रेकॉर्डही केला होता. जीवशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्टब्स आणि फर्नांडो माँटेआलेग्रे-झी यांनी २०१९ मध्ये तो तपासला: सुमारे ७ किलोहर्ट्‌झची किर्र, सेकंदाला १८० च्या आसपास ठोके. कॅरिबियन भागातल्या एका रातकिड्याशी हे जुळत होतं. फक्त किड्याचे ठोके एकसारखे पडतात आणि रेकॉर्डिंगमधले वेडेवाकडे होते. मग त्यांनी रानात टिपलेली किरकिर खोलीत स्पीकरवर वाजवून पुन्हा रेकॉर्ड केली. भिंतींवरून परतलेला प्रतिध्वनी ठोक्यांत मिसळला आणि तसाच वेडावाकडा नमुना हाती आला.

आवाजाचं कोडं सुटलं, आजाराचं नाही.

दुसरा संशय मायक्रोवेव्हवर. अमेरिकी शास्त्रज्ञ ॲलन फ्रे यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच दाखवलं होतं, की रडारसारखे तुटक झोत डोक्यावर पडले तर माणसाला टिकटिक किंवा गुणगुण ऐकू येते. काही मायक्रोसेकंदांच्या झोताने डोक्यातलं तापमान अंशाच्या काही दशलक्षांश भागांनी वाढतं. वाढ नगण्य, पण इतकी झटकन होते की ऊती किंचित फुगतात, दाबाची लहर उठते आणि हाडांतून अंतर्कर्णात पोचते. शांत खोलीत ती ऐकू यायला दर ठोक्याला चौरस सेंटिमीटरमागे साधारण ४० मायक्रोज्यूल लागतात. ठोका १० मायक्रोसेकंदांचा असेल तर त्या क्षणापुरते ४ वॅट. चौरस मीटरभर जागेवर पाडायचे तर ४० किलोवॅट! ठोके विरळ असले की सरासरी अगदी थोडी, म्हणून कातडीला ऊब जाणवत नाही.

गफलत होते ती ऐकू येणं आणि इजा होणं एकच धरल्याने. ऐकू येणारी लहर फार क्षीण असते. इजेसाठी ठोका कित्येक पटींनी जबर हवा. शिवाय हा आवाज डोक्याच्या आतच तयार होतो. फोनला कवटी नसते, त्यामुळे ते रेकॉर्डिंग मायक्रोवेव्हचा पुरावा ठरत नाही.

तज्ज्ञांचंही एकमत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या समितीने २०२० मध्ये स्पंदित रेडिओलहरींना, म्हणजे मायक्रोवेव्हसारख्या तुटक झोतांना, सर्वांत संभाव्य कारण म्हटलं. २०२३ मध्ये सातपैकी पाच गुप्तचर संस्थांना परकीय हात ‘अत्यंत असंभव’ वाटला.

मेंदूच्या स्कॅनने तरी काय हाती लागलं? २०२४ मध्ये ८१ बाधित आणि ४८ निरोगी लोकांच्या एमआरआयची तुलना झाली. ठोस फरक दिसला नाही. अर्थात, स्कॅन घटनेनंतर बऱ्याच काळाने झाले आणि आधीचा स्कॅन तुलनेला नव्हता. त्रास मात्र खरा होता: थकवा, नैराश्य, तोल जाणं. सोबतच्या वैद्यकीय तपासणीत २८ टक्के बाधितांत कार्यात्मक चेताविकार (मेंदूची रचना शाबूत, पण कामात बिघाड) आढळला, बहुतेकांत उभं राहिल्यावर किंवा गजबजाटात वाढणारी चिवट चक्कर. ती कानाच्या आजाराने सुरू होऊ शकते, डोक्याच्या माराने किंवा तीव्र ताणानेही. मूळ कारण ओसरलं तरी मेंदू तोल सांभाळण्याची सावध, ताठर पद्धत सोडत नाही. अशा रुग्णांना डोकं आणि नजर हळूहळू हलवण्याचे तोलाचे व्यायाम देतात.