नदीकाठच्या जुन्या घराची दुरुस्ती: सीआरझेडचा अर्ज कुठे अडतो?

गोव्यात दिवाडी, चोडण किंवा बेतीला नदीकाठी वडिलोपार्जित घर असलेल्या अनेकांचा समज असतो की सीआरझेड, म्हणजे बांधकामावर निर्बंध असलेले किनारी नियमन क्षेत्र, हा केवळ समुद्रालगतचा पट्टा. प्रत्यक्षात २०११ च्या अधिसूचनेनुसार भरतीचे पाणी चढणाऱ्या नदीच्या काठीही भरतीरेषेपासून १०० मीटर, किंवा पात्र त्याहून अरुंद असल्यास पात्राच्या रुंदीएवढे अंतर, या नियमांत येते. म्हणून पंचायतीच्या परवान्याखेरीज गोवा किनारी विभाग व्यवस्थापन प्राधिकरणाची मान्यताही लागते.

अर्ज, शुल्क, छायाचित्रे आणि वास्तुविशारदाचे नकाशे यांत फारसे कोणी अडकत नाही. अडतात ते १९ फेब्रुवारी १९९१ या, किनारी नियमांची पहिली अधिसूचना निघाल्याच्या तारखेपाशी. त्या दिवसाआधी घर उभे होते हे सिद्ध करायचे असते. दाखल्याची नक्कल त्याआधीची असावी, असा याचा अर्थ नाही. सत्तरच्या दशकातील भूमापनाच्या नकाशाची नक्कल आज काढली तरी चालते, मात्र तिच्यात घराची आकृती दिसली पाहिजे. जुनी घरपट्टीची पावती अवश्य जोडावी, पण केवळ तिच्यावर विसंबू नये, कारण घर होते एवढेच ती सांगते, केवढे होते ते सांगत नाही. आणि मान्यता मिळते ती जुन्या जोत्याच्या क्षेत्रफळापुरतीच. मागाहून वाढवलेली पडवी किंवा न्हाणीघर ‘जुने बांधकाम’ म्हणून दाखवले की पाहणीत तफावत उघड होते आणि सारा अर्ज धोक्यात येतो. आधी घर मोजून भूमापन नकाशाशी ताडून पाहावे, मगच अर्ज भरावा.

दुसरी अडचण एक-चौदाच्या उताऱ्याची, म्हणजे जमिनीच्या मालकीच्या नोंदीची. त्यावर आजोबांचे नाव, वारस मुंबईत, आखातात आणि लिस्बनला, आणि सहमालकांच्या संमतीवाचून प्रकरण पुढे सरकत नाही. संमतिपत्रे गोळा करण्याचे काम म्हणूनच सर्वांत आधी हाती घ्यावे. घर भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जमिनीत असेल, तर मुंडकार (अशा जमिनीत घर करून राहणारा) म्हणून नोंदणीचा किंवा जमीन खरेदीचा मामलेदारांचा आदेश जोडावा.

त्रुटी एकेक करून कळवण्याची कार्यालयीन सवय गळक्या छपराखाली राहणाऱ्या वृद्धांवर अन्याय करणारी आहे. सर्व त्रुटी एकाच पत्रात लेखी मागाव्यात आणि प्रत्येक कागदाची पोच घ्यावी. एप्रिलमध्ये अर्ज करून पावसाआधी मान्यतेची आशा धरू नये, आणि ती हाती येईपर्यंत छप्पर उतरवू नये.