जुन्या नाशकातले वाडे आणि त्यांच्या जागी आलेली व्यापारी संकुले : पार्श्वभूमी

पेशवाईत नाशकात वाडे उभे राहिले, हे नव्याने सांगायला नको. सराफ बाजारालगतचा सरकारवाडा त्याच काळातला. तो राज्य संरक्षित स्मारक झाला म्हणून टिकला. बाकीच्या बहुतेकांच्या वाट्याला ते भाग्य आलं नाही. यातले कितीतरी वाडे नुसती राहती घरं नव्हती. तीर्थोपाध्यायांकडे यात्रेला आलेले यजमान उतरत, ओसरीवर पथाऱ्या पसरत आणि उपाध्ये चोपडी उघडून त्यांच्या पणजोबांच्या मुक्कामाची नोंद दाखवत. रेल्वे आल्यावर धर्मशाळा वाढल्या, पुढे लॉज आले आणि वाड्यांच्या रस्त्याकडच्या खणांत दुकानं शिरली.

वाडे पाडायचे की दुरुस्त करायचे, या आजच्या वादाचं मूळ मात्र १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यात आहे. त्याने प्रमाण भाडं, म्हणजे मालकाला कायद्याने घेता येणारं भाडं, १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर बांधून टाकलं. महायुद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला आधार हवाच होता. पण ती सोय पन्नास वर्षं चालली. मालकाला मिळणाऱ्या भाड्यात कौलं चाळून घ्यायची मजुरीही सुटेना. डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भाडं गोठवणाऱ्या तरतुदी आता वाजवी राहिल्या नाहीत असं म्हटलं. ३१ मार्च २००० पासून नवा कायदा आला आणि भाड्यात दरसाल ४ टक्के वाढ मिळू लागली. तोवर फार उशीर झाला होता.

खरा वाद आहे तो ‘धोकादायक’ ठरवण्याचा. दर पावसाळ्याच्या तोंडावर पालिका नोटिसा बजावते, वेळप्रसंगी पाणी आणि वीज तोडते. वाडे कोसळून माणसं दगावली आहेत, तेव्हा नोटिसा नकोतच असं कोणी म्हणू नये. पण वाडा म्हणजे सिमेंटची इमारत नव्हे. त्याचा भार सागवानी खांब आणि तुळया पेलतात, खांब दगडी तळखड्यावर, म्हणजे बैठकीच्या दगडावर, उभा असतो. कौलं फुटली की पाणी भिंतीत मुरतं आणि तिथं रुतलेलं तुळईचं टोक कुजतं. मधली तुळई पुष्कळदा ठणठणीत असते. जाणता सुतार टोक बदलून देतो. नोटिशीने मात्र सगळा वाडा एकाच मापाने मोजला जातो. मालकाला जागा मोकळी हवी असते, भाडेकरूला हक्क सोडायचा नसतो, आणि दुरुस्तीची बाजू घेऊन कोणीच उभं राहत नाही. माझ्या मते वाडे वयाने कमी आणि या कोंडीने जास्त पडले.

पाडल्यावर नव्या इमारतीत जुन्या भाडेकरूला जागा देण्याची तरतूद कायद्यात आहे. म्हणून मेनरोड, दहीपूल, भांडी बाजार या भागात खाली गाळे आणि वर कार्यालयं हाच साचा ठरला. दुकान राहिलं, वाड्याच्या मधला मोकळा चौक गेला. झगमगाटाचा मोठा व्यापार तोवर कॉलेज रोड, गंगापूर रोडकडे सरकलाही होता.

२००८ च्या पुरानंतर गोदावरीच्या पूररेषेचा प्रश्न ऐरणीवर आला आणि गावठाणातल्या बांधकामाला नवा पेच पडला. २०१६ च्या ऑगस्टमध्ये गोदापात्रातली दुतोंड्या मारुतीची मूर्ती पुन्हा पाण्याखाली गेली, सराफ बाजारातही पाणी शिरलं. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे, गावठाणाच्या एकत्रित पुनर्विकासाची चर्चा पुन्हा निघते आहे. त्यात वाड्यांची लाकूडकामासकट स्वतंत्र पाहणी पाडकामाआधी व्हायला हवी. ती करणाऱ्यांत सुतारकाम जाणणारा माणूसही हवा.