कोकरांची हगवण आणि चिकावरचा आळ

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घाट उतरून मुरबाड-शहापूरकडे येतात, शेतांत मेंढ्या बसतात. नवं कोकरू हगलं की ऐकू येतं, ‘चीक बाधला.’ चीक म्हणजे विल्यानंतरचं पहिलं घट्ट दूध. मग चीक पिळून फेकतात, कोकरावरून मीठ-मिरच्या ओवाळतात. दृष्ट काढून जंतू मरत नाहीत, आणि चीक फेकणं तर कोकराच्या जिवावर बेततं.

मेंढीच्या वारेतून आईची प्रतिपिंडं (रोगांशी लढणारी रक्तातली प्रथिनं) पिलाकडे जात नाहीत. ती मिळतात फक्त चिकातून. जन्मानंतर साधारण 24 तास कोकराचं आतडं अख्खी प्रथिनं रक्तात घेतं. पण प्रतिपिंडंही प्रथिनंच, आणि प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन हे विकर (एन्झाइम) आतड्यात असतं. म्हणून चिकातच ट्रिप्सिनला रोखणारं द्रव्य असतं. (मोठ्यांच्या आतड्यात ही सोय उरत नाही. ‘प्रतिकारशक्ती वाढवणाऱ्या’ चिकाच्या पावडरीतली प्रतिपिंडं आपल्या रक्तात पोहोचत नाहीत. ठाण्याच्या नौपाड्यात खरवस खावा तो चवीसाठी!)

ट्रिप्सिन रोखण्याच्या याच सोयीचा फायदा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जंतूचा ‘बी’ प्रकार उठवतो. त्याचं बीटा विष हेही प्रथिन, ट्रिप्सिनपुढे न टिकणारं. नवजात कोकरात ट्रिप्सिन रोखलेलं, म्हणून विष शाबूत राहतं, आतड्याचं अस्तर मरतं आणि रक्ती हगवण लागते. कधी हगवण दिसण्याआधीच कोकरू मरतं. ‘डी’ प्रकाराच्या एप्सिलॉन विषाचं नेमकं उलट. ते निष्क्रिय रूपात बाहेर पडतं, ट्रिप्सिनने त्याचा तुकडा छाटला की जागं होतं. त्यामुळे ‘डी’चा आंत्रविषार (आतड्यातलं विष रक्तात भिनण्याचा आजार) सहसा थोड्या मोठ्या, चांगल्या पोसलेल्या कोकरांना गाठतो. एकच विकर एका विषाला मारतं, दुसऱ्याला उठवतं!

पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात हेच माणसांत दिसलं. डुकराच्या मांसाच्या मेजवानीनंतर मुलांची आतडी सडत. जंतू ‘सी’ प्रकारचा, विष तेच बीटा. तिथलं रोजचं अन्न रताळं, त्यातही ट्रिप्सिनरोधक असतो. एरवी प्रथिनं कमी खाल्ल्याने मुलांच्या आतड्यात ट्रिप्सिन आधीच तोकडं.

म्हणजे चीक विषाला टिकू देतो खरा, पण त्या विषाला निकामी करणारी प्रतिपिंडंही त्यातूनच येतात. मात्र ती आधी आईत असायला हवीत.

हगवण लावणाऱ्या बाकीच्या जंतूंत पहिल्या तीन-चार दिवसांत ई. कोलाय, मग रोटाव्हायरस आणि साधारण पाचव्या दिवसापासून क्रिप्टोस्पोरिडियम. या शेवटच्याला पाण्यातलं क्लोरीन मारत नाही आणि तो माणसालाही लागतो, म्हणून आजारी कोकरू वेगळं ठेवावं, हात साबणाने धुवावेत. पाण्यासारखं हगणाऱ्या कोकराला क्षार-पाणी लगेच द्यावं.

पहिल्या काही तासांत किलोमागे 50 मिली चीक पोटात जायलाच हवा. गाभण मेंढीला विण्याआधी तीन-चार आठवडे क्लॉस्ट्रिडियमवरची लस द्यावी, आणि त्या लशीत बीटा विषावरचा घटक आहे का, हे पशुवैद्यकांना विचारून घ्यावं. नुसती ‘डी’वरची लस बीटा विषाला अडवत नाही.