दिवसाच्या लाइटीमागचा वेगळा फिडर

रात्री अकराला थ्री फेज (मोटर चालवायला लागणारी वीज) येणार म्हणून बॅटरी घेऊन दारं धरायला निघालेला शेतकरी महाराष्ट्राला नवा नाही. सापाची, बिबट्याची भीती असायचीच. आज सौर कृषी वाहिनी योजनेमुळे, म्हणजे सबस्टेशनजवळच्या सोलर प्रकल्पांतून शेतीपंपांना वीज देण्याच्या योजनेमुळे, दिवसा लाइट मिळू लागली आहे, पण तिची पायाभरणी सोलरवाल्यांनी केलेली नाही. ती झाली लोडशेडिंगमुळे.

राज्य वीज मंडळ 1960 मध्ये आलं. त्याआधी कितीतरी गावांत खासगी कंपनीच्या डिझेल इंजिनावर तिथल्या तिथे वीज तयार व्हायची. पुढे कोयना, कोराडी, चंद्रपूर असे मोठे प्रकल्प झाले आणि वीज लांबून येऊ लागली: 33 केव्ही (हजार व्होल्ट), मग 11 केव्ही, मग डीपी, म्हणजे गावातला खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. सगळा प्रवाह एकाच दिशेने, म्हणून लाइनही तशीच आखलेली. सबस्टेशनपाशी जाड तार, टोकाकडे बारीक. शेवटच्या मोटरीला व्होल्टेज पुरायचं नाही आणि ती जळायची.

2005 च्या आसपास लोडशेडिंग कडक झालं. गावठाण आणि शेतीपंप एकाच फिडरवर, म्हणजे सबस्टेशनमधून निघणाऱ्या एकाच 11 केव्ही लाइनवर, त्यामुळे पंप थांबवायचे तर गावही अंधारात. आधी सिंगल फेजिंगचा तोडगा निघाला, म्हणजे थ्री फेज न देता फक्त सिंगल फेज द्यायची: घरात दिवे चालू, शेतातल्या मोटरी बंद. लोकांनी कंडेन्सर लावून त्यावरही मोटरी चालवल्या आणि डीपी जळत राहिल्या. (वायरमनला विचारा, तो अजून त्या दिवसांना शिव्या देतो.) गुजरातने 2003 मध्ये ज्योतिग्राम योजनेत गावाचे आणि शेतीचे फिडर वेगळे करायला घेतले होते, आपल्याकडेही तेच काम झालं. हेतू दोनच: पंपांची वेळ ठरवता यावी, आणि मीटर नसलेल्या पंपांवर किती वीज जाते ते कळावं.

2017 मध्ये सौर कृषी वाहिनी योजना आली आणि राळेगणसिद्धीत सुरुवात झाली, तेव्हा हे वेगळे फिडर आयते हाताशी होते. नुसत्या पंपांचा फिडर असल्यावर सगळा लोड दिवसा घेता येतो. प्रकल्पाची जागा सबस्टेशनपासून थोड्या किलोमीटरच्या आत हवी, ही अट मला मेगावॉटच्या आकड्यांपेक्षा महत्त्वाची वाटते. लांबची लाइन म्हणजे पुन्हा वाटेत वीज वाया जाणं.

शहरात छतावरच्या सोलरची अडचण वेगळी. नेट मीटरिंगच्या (छतावरची जास्तीची वीज लाइनला देऊन बिलातून वजा करायच्या सोयीच्या) 2015 च्या नियमांत एका डीपीवर तिच्या क्षमतेच्या 40 टक्क्यांपर्यंतच सोलर जोडता येत होतं. 2019 मध्ये ही मर्यादा 70 टक्के झाली.

आता आखणी करताना सर्वाधिक लोडइतकंच सर्वांत कमी लोडकडेही बघावं लागतं. पावसाळ्यातली उघडीप घ्या. रानात वाफसा नाही, पंप बंद, आणि दुपारी लख्ख ऊन. पॅनेलची वीज 11 केव्हीवरून उलटी 33 केव्हीकडे चढते, जवळचं व्होल्टेज वाढतं, आणि ज्या सबस्टेशनमधली संरक्षण यंत्रणा वीज वरून खालीच येणार हे धरून बसवली होती, तिथे रिलेचं (बिघाड ओळखून लाइन तोडायला लावणाऱ्या उपकरणाचं) सेटिंग नव्याने करावं लागतं.