कठीण संरक्षक लेपन

धातूच्या सुट्या भागावर पातळ पण कठीण थर चढवून त्याला उष्णता, झीज आणि गंज यांपासून वाचवण्याचे तंत्र. आतला धातू भार पेलतो, वरचा थर मार खातो.

नागपूर परिसरात या तंत्राची गरज कोळसा आणि राख यांच्यामुळे विशेष भासते. कोराडीच्या वीज केंद्रात प्रत्येकी ६६० मेगावॅटचे तीन संच आहेत, शेजारी खापरखेड्याचे वीज केंद्र आहे. भारतीय कोळशात राख बरीच, बहुधा ३० ते ४५ टक्के, आणि त्या राखेत क्वार्ट्झचे कण असतात. बॉयलरच्या नळ्यांच्या पोलादापेक्षा हे कण कितीतरी कठीण. धुरासोबत वेगाने जाताना ते नळ्या आणि आयडी फॅनची (धूर बाहेर ओढणाऱ्या पंख्याची) पाती घासून काढतात.

अशा जागी एचव्हीओएफ (हाय व्हेलॉसिटी ऑक्सि-फ्युएल) फवारणी वापरतात. इंधन आणि ऑक्सिजन यांच्या ज्योतीतून कार्बाइडची भुकटी ध्वनीहून अधिक वेगाने पृष्ठभागावर आदळवतात. थर सहसा १०० ते ४०० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन). टंगस्टन कार्बाइड-कोबाल्ट सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकते, कारण त्यापुढे ते ऑक्सिजनशी संयोग पावू लागते. अधिक तापणाऱ्या भागांसाठी क्रोमियम कार्बाइड आणि निकेल-क्रोम यांचे मिश्रण घेतात; कठीणपणा थोडा कमी, पण ते साधारण ८५० अंशांपर्यंत तग धरते.

मात्र केवळ कठीणपणा पाहून लेप निवडणे ही या क्षेत्रातली नेहमीची चूक. राख तिरपी घासत असेल तर कठीण, ठिसूळ थर उत्तम टिकतो. तीच राख काटकोनात आदळली तर त्याला तडे जातात, आणि चिवट धातू सरस ठरतो. दुसरे म्हणजे पकड. फवारलेला थर मुख्यतः खडबडीत पृष्ठभागात अडकून बसतो. त्यामुळे ग्रिट ब्लास्टिंग (टोकदार कणांचा मारा करून पृष्ठभाग खडबडीत करणे) नीट झाले नाही किंवा तेलाचा अंश राहिला, तर महागडी भुकटीही पापुद्र्यासारखी सुटते.

कोळसा खाणींतल्या एक्स्कॅव्हेटरच्या दातांना आणि वीज केंद्रांतील कोळसा दळणाऱ्या गिरण्यांच्या रोलरना फवारणी पुरत नाही. तिथे हार्डफेसिंग, म्हणजे वेल्डिंगने चढवलेला काही मिलिमीटर जाड थर लागतो. त्यात आडव्या बारीक भेगा पडतात. क्रोमियम कार्बाइडच्या मिश्रधातूंत त्या अपेक्षितच असतात, आणि ‘वेल्ड फुटली’ म्हणून माल परत करणारा ग्राहक बहुधा नवखा असतो.

उष्णतारोधक लेपाची गोष्ट वेगळी. नागपूर विमानतळालगतच्या मिहान प्रकल्पात देखभालीसाठी येणाऱ्या जेट विमानांच्या इंजिनांतील टर्बाइन पात्यांवर यिट्रिया मिसळलेल्या झिर्कोनियाचा थर असतो. हा सिरॅमिक उष्णता फार कमी वाहून नेतो. त्याच्याखाली धातूचा बंधक थर असतो. पात्याला ऑक्सिडीकरणापासून तोच वाचवतो, झिर्कोनिया नव्हे.

ड्रिल आणि टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) यांवरचा सोनेरी टायटॅनियम नायट्राइड जेमतेम काही मायक्रॉनचा असतो, निर्वात कक्षात चढवलेला.

हायड्रॉलिक दांड्यांवर अजून हार्ड क्रोमचे, म्हणजे विजेने चढवलेल्या क्रोमियमच्या थराचे, राज्य आहे. ते स्वस्त पडते, गुळगुळीत होते. पण त्याच्या थरात सूक्ष्म भेगा असतात, म्हणून दमट जागी खालून गंज डोकावतो. शिवाय प्लेटिंगच्या टाकीतले षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचा खर्च धरला की एचव्हीओएफच्या तुलनेत खर्चातला फरक बराच कमी होतो.