गुणगुणणारं घड्याळ आणि सव्वा-दीड व्होल्टचा घोळ

साताऱ्याच्या मोती चौकात जुनं अ‍ॅक्युट्रॉन, म्हणजे सेलवर चालणारं गुणगुणणारं मनगटी घड्याळ, दुरुस्तीला नेलं, तर कारागीर आधी कडेची चावी शोधेल. अ‍ॅक्युट्रॉनच्या २१४ क्रमांकाच्या यंत्राला ती नसतेच. काटे फिरवायची दुमडती कडी मागच्या झाकणावर असते. अमेरिकेच्या बुलोव्हा कंपनीने हे घड्याळ १९६० साली आणलं, सेकोचं पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ १९६९च्या नाताळात आलं. मधली नऊ वर्षं याच्या दिमाखाची.

टिकटिक नाही, कारण मागेपुढे डोलणारं बॅलन्सचाकच नाही. त्याच्या जागी मॅक्स हेटझेल या स्विस अभियंत्याने नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) बसवला. दोन कॉइल आणि एक ट्रान्झिस्टर मिळून तो सेकंदाला ३६० वेळा थरथरवतात. काट्याच्या एका पायाला केसासारखी पट्टी, तिच्या टोकाला रत्नाचा बारीक खडा. तो दातेरी चाक एकेक दात सरकवतो आणि दुसरा खडा चाकाला मागे येऊ देत नाही. चाकाचा व्यास २.४ मिलिमीटर, दात ३००. म्हणजे दोन दातांमध्ये जेमतेम ०.०२५ मिलिमीटर! साध्या भिंगातून कड गुळगुळीतच वाटते. त्या कडेला चिमटा लागला की चाक गेलं म्हणा. घड्याळातलं चुंबकत्व घालवायच्या यंत्रावर हे ठेवणं तर घातच, कारण नादकाट्याच्या टोकांवरचे लोहचुंबक हेच त्याचं इंजिन.

खरा घोळ सेलचा. यंत्र बेतलंय पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर. आता मिळतो सिल्व्हर ऑक्साइडचा, १.५५चा. जादा व्होल्टने नादकाट्याचा झोका वाढतो, एका झोक्यात एकापेक्षा जास्त दात सरकतात आणि घड्याळ सुसाट पुढे पळतं. काही यंत्रं हेही निमूट सोसतात. न सोसणाऱ्याला एकतर जाणकाराकडून खड्यांची जुळणी करून घ्यावी, नाहीतर सेलच्या वाटेत व्होल्ट थोडे उतरवणारा शॉटकी डायोड घालावा. दुसरा उपाय सोपा, आणि तो उलटवताही येतो.

घड्याळ विकत घ्यायच्या आधी मल्टिमीटर २०० मायक्रोअ‍ॅम्पियरवर ठेवून सेलच्या मालिकेत जोडा. निरोगी २१४ साधारण ५ ते ८ मायक्रोअ‍ॅम्पियर घेतं. आकडा शून्य असेल तर बहुधा कॉइलची तार तुटलेली. नवी कॉइल शोधणं हे घड्याळ शोधण्याहून कठीण. गुणगुण येते पण सेकंदकाटा हलत नाही, तेव्हा वीज ठीक आहे, दोष खड्यात किंवा चाकांच्या मळात. विक्रेता 'स्पेसव्ह्यू' (डायल नसलेला, आतलं यंत्र दिसणारा नमुना) म्हणत असेल तर जरा थांबा: साध्या घड्याळाची डायल काढून केलेले नमुने बाजारात भरपूर फिरतात.

सांगलीच्या पुरात भिजलेलं घड्याळ कितीही स्वस्त मिळो, घेऊ नका. कॉइलची तार तांब्याची आणि केसाहून बारीक असते. एका जागी हिरवा गंज धरला की वीज तिथेच अडते. चालू घड्याळ ठेवून द्यायचं असेल तर आधी सेल काढा. गळलेल्या सेलचा क्षार त्याच तारेपर्यंत पोचतो.